टायमिंग जुळवूनही आठवड्यात पुन्हा बिघडतं: जुन्या गाड्यांच्या स्लो स्पीडवरच्या टायमिंगचा बंदोबस्त

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. अँबेसेडर, पद्मिनी किंवा पॉइंटवाली मारुती ८०० गॅरेजमध्ये जाते, टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी प्लगला ठिणगी पडते ते, ठेवून मिळतं, दोन दिवस गाडी झकास चालते. मग स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, थरथरायला लागते, सिग्नलला बंद पडते, पिकअप जातो. पुन्हा गॅरेज, पुन्हा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) दोन मिलिमीटर इकडं, पुन्हा तेच. काही गाड्यांत उलटं होतं: गरम इंजिन स्टार्ट करताना स्टार्टर अडकल्यासारखा उलटा झटका देतो आणि गगनबावड्याचा घाट चढताना इंजिन खडखडतं.

यात डिस्ट्रिब्युटर फिरवणं हे शेवटचं काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच पहिलं केलं जातं. स्लोवर टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याखाली) दिसणारा आकडा एकट्या डिस्ट्रिब्युटरच्या जागेचा नसतो. त्यात पॉइंटचा, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या आतल्या स्विचचा, गॅप असतो, वेगाबरोबर उघडणाऱ्या आतल्या वजनांनी दिलेला ॲडव्हान्स (ठिणगी आधी पाडणं) असतो आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमनं ओढलेली पॉइंटची प्लेट असते. या तिघांपैकी एक जरी हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरची बॉडी कितीही अचूक फिरवा, आकडा टिकणार नाही.

चक्र असं फिरतं

पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते आणि गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग मागं पडतं आणि स्लो स्पीड उतरतो. गाडी बंद पडायला लागली म्हणून कोणीतरी कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू आवळतो. त्यामुळं थ्रॉटलची पाती थोडी उघडी राहते आणि पातीच्या कडेला असलेलं व्हॅक्यूमचं बारीक भोक उघडं पडतं. आता स्लोवरच व्हॅक्यूम ॲडव्हान्स लागू होतो. स्पीड मिनिटाला १,०००–१,१०० फेऱ्यांच्या वर गेला असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनंही उघडायला लागतात. लाइट लावली तर आकडा बरोबर दिसतो, कधी जास्तच दिसतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर अजून मागं घेतला जातो. मग कोणी स्पीड खाली आणला की हे दोन्ही उसने ॲडव्हान्स निघून जातात आणि खरं टायमिंग सहा-आठ अंश मागं पडलेलं उघड होतं.

म्हणून क्रम असा ठेवायचा: पॉइंट, मग स्लो स्पीड, मग व्हॅक्यूमची नळी काढून बंद, मग टायमिंग. टायमिंग बदललं की स्लो स्पीड बदलतोच. तो पुन्हा जागेवर आणायचा आणि टायमिंग पुन्हा बघायचं. दोन फेऱ्या लागतात, कधी तीन. एका फेरीत उरकलं असं कोणी म्हणालं तर दुसऱ्यांदा लाइट लावलेली नाही असं समजा.

आधी पॉइंट

लुकास कंपनीचा डिस्ट्रिब्युटर असलेल्या अँबेसेडरला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणजे जुन्या हिशोबात १४ ते १६ थाउ (इंचाचे हजारावे भाग). इतर गाड्यांचा आकडा त्यांच्या मॅन्युअलमधला घ्या, अंदाजानं ‘पोस्टकार्डाएवढा’ नको. कॅमचा उंचवटा टाचेखाली बरोबर मध्ये आणा, फिलर गेज स्वच्छ पुसा आणि गॅप मापा. पॉइंट जुने असतील तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झालेली असते. गेजची पाती टेकडीवर टेकते, खड्ड्याची खोली मापात येतच नाही, आणि खरा गॅप वाचलेल्यापेक्षा मोठा असतो. अशा पॉइंटवर गेज लावण्यात अर्थ नाही. पॉइंट बदला, नाहीतर ड्वेल मीटर लावा.

ड्वेल म्हणजे पॉइंट किती अंश बंद राहतात ते. चार सिलिंडरच्या लुकासला ६०°, तीन अंश इकडंतिकडं चालतं. ड्वेल एक अंश वाढला की क्रँकवर टायमिंग साधारण एक अंश मागं जातं. म्हणून पॉइंटला हात लावल्यावर टायमिंग बघावंच लागतं. टायमिंगला हात लावल्यानं ड्वेल मात्र बदलत नाही.

आता मीटर तसाच ठेवून इंजिन स्लोवरून २,००० पर्यंत रेस करा. ड्वेल तीन अंशांपेक्षा जास्त हलला तर शाफ्टचा बुश किंवा पॉइंटची प्लेट सैल झाली आहे. इथंच थांबा, पुढचं सगळं वाया जाणार आहे. बुशचा विषय खाली आहे.

आठवड्याभरात गॅप मिटण्याचं एक कारण इतकं साधं आहे की त्याकडं लक्षच जात नाही: कॅमवर ग्रीस नसतं. नवे पॉइंट कोरड्या कॅमवर बसवले की टाच भराभर झिजते. उष्णतेत न वितळणारं ग्रीस कॅमच्या बाजूंवर नुसतं पुसल्यासारखं लावा. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस थापू नका, ते उडून पॉइंटच्या तोंडावर जातं आणि पॉइंट काळे पडतात. रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) काढल्यावर खाली वाटी किंवा स्क्रू दिसतो, तिथं इंजिन ऑइलचे दोन थेंब. पॉइंटच्या पिनला एक. बेस प्लेटच्या फटीतून वजनांवर दोन-तीन. बस्स.

पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर आणि कॉइल तपासा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स तीन ओहमच्या आसपास असतो. बॅलास्ट रेझिस्टरसाठी बनवलेली कॉइल दीड ओहमच्या आसपास असते. ती बॅलास्टशिवाय जोडली की पॉइंटमधून दुप्पट करंट जातो आणि महिन्याभरात तोंडं निळी-काळी होतात. कॉइल बदलताना फक्त आकार बघून बसवलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

खूण खरी आहे का

पुलीवरची खूण म्हणजे काळ्या तेलात बुडालेली एक खाच. वायर ब्रश मारा, खाचेत पांढरा रंग भरा, कोरड्या फडक्यानं वरचा पुसा. अँबेसेडरला काटे टायमिंग कव्हरच्या खालच्या बाजूला असतात आणि गाडी जॅकवर घेतल्याशिवाय नीट दिसत नाहीत. बरेच जण तिरक्या कोनातून बघतात, आणि तिरकं बघण्यातच दोन-तीन अंशांची चूक होते. मारुती ८०० ची खूण फ्लायव्हीलवर असते, गिअरबॉक्सच्या हाउसिंगच्या छोट्या खिडकीतून दिसते.

पुली कधी बदलली गेली, कुठल्या दुसऱ्या इंजिनाची आली, याचा पत्ता नसेल तर टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) स्वतः शोधा. पहिला प्लग काढा. जुन्या प्लगची पोर्सेलीन फोडून त्यात बोल्ट घट्ट बसवला की पिस्टन अडवण्याचं साधन तयार होतं. बोल्टचं टोक गोल घासून घ्या. बाकीचे प्लगही काढा, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरेल. हे साधन लावा, इंजिन पुढं फिरवून पिस्टन अडेल तिथं पुलीवर खूण करा, मग उलटं फिरवून अडेल तिथं दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. स्टार्टर मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल.

त्यावरून अंश आखणं सोपं आहे. पुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये मापा, ३.१४ नं गुणा, ३६० नं भागा. १३० मिमीच्या पुलीला एक अंश म्हणजे १.१३ मिमी, दहा अंश म्हणजे ११.३ मिमी. कागदाच्या पट्टीवर आखून पुलीला चिकटवली तरी चालते.

टायमिंग ठेवणं

इंजिन पूर्ण गरम हवं, चोक न लावलेला. स्लो स्पीड मॅन्युअलमध्ये दिलाय तिथं, बहुतेक चार सिलिंडर गाड्यांना ७००–८०० च्या घरात. टॅकोमीटर लावूनच, कानानं नाही. कानाला ७५० आणि १,००० मधला फरक कळतो, ७५० आणि ९०० मधला कळत नाही. ज्या डिस्ट्रिब्युटरच्या वजनांच्या स्प्रिंग ताणल्या गेल्यात, त्यात तेवढ्या फरकानंही आकडा तीन-चार अंश पुढं जातो.

व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूनं काढा आणि नळीचं तोंड बंद करा. बोल्ट खुपसा नाहीतर टेप लावा. तोंड उघडं राहिलं तर तिथून हवा ओढली जाते, मिक्श्चर पातळ होतं, स्लो बिघडतो. नळी काढल्याबरोबर स्लो उतरला तर समजा की स्लोवरच व्हॅक्यूम लागत होता. ज्या गाडीला व्हॅक्यूमची कॅप्सूलच (प्लेट ओढणारी डबी) नाही तिथं ही पायरी सोडून द्या.

लाइटचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरवर, बाणाची दिशा प्लगकडं, शेजारच्या वायरींपासून लांब. क्लॅम्पचा बोल्ट इतकाच सैल की बॉडी हातानं जोर लावून फिरेल. रोटर ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की टायमिंग पुढं जातं, त्याच दिशेनं फिरवली की मागं. अँबेसेडरचा रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतो. खात्री नसेल तर कॅप काढून एक स्टार्टर मारून बघा.

७० मिमी व्यासाच्या बॉडीची कड एक मिलिमीटर सरकली की क्रँकवर तीन अंशांहून जास्त फरक पडतो, कारण डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. ‘जरासा फिरवला’ याची किंमत एवढी मोठी आहे. अँबेसेडरवरच्या जुन्या लुकासला बारीक समायोजनाची दातेरी चक्री असते, तिच्यावर ए (ॲडव्हान्स, पुढं) आणि आर (रिटार्ड, मागं) असतं. तिचे अकरा टिक म्हणजे साधारण एक अंश. बॉडी ठरावीक जागी बसवून शेवटचा दोन अंशांचा फरक या चक्रीनंच काढावा. ती गंजून अडकलेली असेल तर रॉकेल सोडा आणि रात्रभर ठेवा, पकडीनं जबरदस्ती केली तर आतली स्प्रिंग उडते.

एक इशारा. पद्मिनी-अँबेसेडरचा पंखा बेल्टवर फिरतो आणि लाइटच्या चमकेत तो थांबल्यासारखा किंवा संथ फिरताना दिसू शकतो. गळ्यातलं उपरणं, सैल बाही, लाइटची वायर, काहीही त्याच्या जवळ नको. मारुतीचा पंखा विजेवरचा आहे, तो मध्येच अचानक सुरू होतो.

लाइट नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब पुरतो. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे हे प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून बघा. खूण जवळ आली की हळूहळू, इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं, बरोबर ठरलेल्या अंशावर आणा. पुढं गेलात तर तिथून मागं आणू नका, पाव फेरा मागं जाऊन पुन्हा पुढं फिरवत या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात मिसळतो. इग्निशन चालू करा, आणि बल्ब ज्या क्षणी लागेल तिथं बॉडी आवळा. मॅन्युअलमधला स्थिर टायमिंगचा आकडा आणि लाइटनं स्लोवर बघायचा आकडा वेगळे असू शकतात. दोन्हींची गल्लत झालेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

खूण नाचते तेव्हा

लाइटखाली खूण एका जागी स्थिर असायला हवी. एक-दीड अंश थरथरली तर जुन्या इंजिनाला माफ. त्यापेक्षा जास्त नाचत असेल तर टायमिंग ‘ठेवता’ येतच नाही, सरासरी तेवढी ठेवता येते.

चार सिलिंडर गाडीला इथं एक चांगली चाचणी आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे पहिला आणि चौथा सिलिंडर क्रँकच्या बरोबर एका फेऱ्याच्या अंतरानं पेटतात. लाइटचा चिमटा पहिल्यावरून काढून चौथ्यावर लावा. खूण त्याच जागी दिसायला हवी. दोन-तीन अंशांचा फरक आला तर कॅमच्या समोरासमोरच्या दोन उंचवट्यांवर पॉइंट सारखे उघडत नाहीत: शाफ्ट वाकडा, बुश एका बाजूला झिजलेला, किंवा कॅमच झिजलेला. तीन सिलिंडरच्या मारुतीला हे जमत नाही, तिथं ठिणग्या क्रँकच्या २४० अंशांवर पडतात.

बुश बघायचा तर रोटर काढून शाफ्टचं टोक धरा आणि पॉइंटच्या दिशेनं पुढं-मागं ढकला. पॉइंटचा गॅप डोळ्यांना उघडमीट करताना दिसला तर बुश गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर फॉस्फर ब्राँझचा बुश करून मिळतो आणि काम पक्कं होतं, पण दोन गोष्टी सांगून करून घ्या. त्यात तेलाची चर हवी, आणि शाफ्टला ०.०२ ते ०.०४ मिमीपेक्षा जास्त मोकळीक नको. शाफ्ट स्वतः झिजला असेल तर नुसता बुश बदलून भागत नाही. कंपनीचा तेल शोषणारा सच्छिद्र बुश मिळाला तर बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि आतून रीमर चालवू नका. रीमरनं छिद्रं बुजतात आणि बुश कोरडा पडतो.

बुश चांगला असूनही खूण नाचत असेल तर टायमिंग चेन बघा. कॅप काढा, पुली उलट-सुलट हलवा, रोटर हलेपर्यंत पुली किती अंश मोकळी फिरते ते मोजा. पाच-सहा अंशांपर्यंत गाडी चालवून घेता येते. दहाच्या पुढं गेलं तर चेन आणि टेन्शनर काढावेच लागतील. मारुतीला बेल्ट आहे आणि तिथं फसगत वेगळी होते: बेल्ट एक दात चुकून बसला तरी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंगचा आकडा जुळतो, व्हॉल्व्ह मात्र चुकलेलेच राहतात. आकडा जुळवताना डिस्ट्रिब्युटर आपल्या खाचेच्या टोकाला जाऊन टेकत असेल तर फिरवणं थांबवा आणि बेल्टच्या खुणा बघा.

रेस केल्यावर खूण सरळ पुढं जायला हवी आणि सोडल्यावर परत यायला हवी. उशिरा परत आली, किंवा दर वेळी वेगळ्या जागी आली, तर वजनं गंजून अडकतात. अशी गाडी सिग्नलला थांबल्यावर अर्धा मिनिट चढ्या स्पीडला राहते, मग खाली येते, आणि लोक कार्बोरेटर उघडतात. नळी लावून रेस करताना मिसिंग होत असेल तर पॉइंटच्या प्लेटची अर्थ वायर बघा. विणलेल्या तारेची ती छोटी शेपटी व्हॅक्यूमनं प्लेट फिरली की ताणली जाते, आतून तुटते आणि वरून शाबूत दिसते.

व्हॅक्यूम कॅप्सूल फाटली आहे का हे नळीच्या टोकाला तोंड लावून ओढलं की कळतं. प्लेट सरकली पाहिजे, आणि जीभ लावून तोंड बंद ठेवलं तर तिथंच टिकली पाहिजे. हवा सुटत असेल तर कॅप्सूल बदला.

आजचं पेट्रोल आणि कान

‘नॉकिंग येत नाही, म्हणजे टायमिंग बरोबर’ हा जुन्या मिस्त्रींचा नियम आता फसवा झालाय. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ आहे, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांत टायमिंग पाच अंश पुढं असलं तरी सपाट रस्त्यावर खडखड ऐकू येत नाही. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच जुन्या गाड्यांचे मिस्त्री चकवतंय, असंच म्हणायचं.

याच पेट्रोलचा दुसरा परिणाम स्लोवर होतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळं जुन्या जेटवर मिक्श्चर साधारण सात-आठ टक्के पातळ पडतं. पातळ मिक्श्चर सावकाश जळतं, इंजिन स्लोला वरखाली करतं, आणि टायमिंग पुढं केलं की गुळगुळीत होतं. दुखणं मिक्श्चरचं आणि औषध टायमिंगचं, असा हा प्रकार. आधी मिक्श्चरचा स्क्रू, मग टायमिंग. बहुतेक इंजिनं स्लोवर ठरलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच अंश पुढं ठेवली तर जास्त गोड चालतात, म्हणून कानानं ठेवलेलं टायमिंग नेहमी पुढंच निघतं.

गॅस किट असलेल्या गाडीला हा घोळ दुप्पट. गॅसवर पिकअप यावा म्हणून टायमिंग पुढं केलेलं असतं आणि पेट्रोलवर आल्यावर तेच जास्त होतं. गाडी दोन्हींवर चालवायची असेल तर पेट्रोलच्या आकड्यावर ठेवा आणि गॅसवरचा थोडा मंदपणा सहन करा.

चाचणीसाठी वाघबीळ ते पन्हाळा हा चढ चांगला. गाडी गरम, दोन माणसं मागं, तिसरा गिअर, ताशी ४० च्या आसपास, मग थ्रॉटल पूर्ण. क्षणभर बारीक खडखड येऊन स्पीड वाढताच गेली तर ठीक. खडखड चालूच राहिली तर दोन अंश मागं घ्या आणि पुन्हा चढा. खडखड अजिबात नाही आणि ओढही नाही, तर टायमिंग मागं आहे किंवा वजनं उघडत नाहीत. ३,००० वर लाइटनं बघा: नळी काढलेल्या स्थितीत एकूण ॲडव्हान्स बहुतेक जुन्या चार सिलिंडर गाड्यांना तीस-पस्तीसच्या घरात यायला हवा. पावसाळ्यात ही चाचणी करण्याआधी डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून कोरडी पुसा. ओलीमुळं होणारं मिसिंग आणि टायमिंगचं मिसिंग चढावर सारखंच वाटतं.

सगळं जुळल्यावर क्लॅम्प आवळताना खूण लाइटखाली ठेवा, आवळताना बॉडी हमखास अर्धा-एक अंश सरकते. अँबेसेडरच्या क्लॅम्पचा पिंच बोल्ट छोटा असतो, त्यावर जोर काढला की प्लेट वाकते, आणि वाकलेली प्लेट पुन्हा कधीच बॉडी धरत नाही. अशी प्लेट फेकून द्या. पुढं डिस्ट्रिब्युटर बाहेर काढायची वेळ आली तर प्लेटचे ब्लॉकमधले दोन बोल्ट काढा आणि पिंच बोल्टला हात लावू नका, टायमिंग जसंच्या तसं राहतं.

नवे पॉइंट बसवले असतील तर ५०० किलोमीटरनंतर गॅप आणि टायमिंग एकदा बघा. नवी टाच सुरुवातीला जास्त बसते, गॅप थोडा मिटतोच. त्या वेळी गॅप पुन्हा मूळ मापावर आणला तर टायमिंग बहुतेक आपोआप जागेवर येतं, डिस्ट्रिब्युटर सोडावा लागत नाही.